लिव्हल्यानं का कूलर विकते?

पत्र :

ताई, नमस्कार. मानेवाडा रिंग रोडच्या बाजूला आमचं कूलर बनवायचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बघतो. गेल्या वर्षी वेबसाइट काढली. गूगलवर दिसायचं तर ब्लॉग लिहावे लागतात असं कळलं, म्हणून एका एजन्सीला महिन्याला ८ हजार देतो. ते आठवड्याला एक लेख टाकतात, आतापर्यंत ४८ झाले. दर महिन्याला रंगीत रिपोर्ट येतो आणि त्यातले आकडे वाढतच असतात. पण ‘तुमचा लेख वाचून आलो’ म्हणणारं एकही गिऱ्हाईक आजवर दुकानाची पायरी चढलं नाही. बाबा रोज म्हणतात, ‘लिव्हल्यानं का कूलर विकते?’ हे बंद करू, एजन्सी बदलू, की चॅटजीपीटीकडून फुकटात लिहून घेऊ? सीझन तोंडावर आहे. सोबत वेबसाइटचा पत्ता आणि शेवटचा रिपोर्ट पाठवतो.
– कूलरवाला, नागपूर

उत्तर :

भाऊ,

वेबसाइटचा पत्ता दिलात ते बरं केलंत. रात्री जेवण आटोपल्यावर बसले आणि ४८ पैकी १९ लेख वाचून काढले. विसावा उघडायची हिंमत झाली नाही. ‘एअर कूलरचे १० फायदे’, ‘उन्हाळ्यात घर थंड ठेवण्याचे ७ मार्ग’, ‘आधुनिक जीवनशैलीत कूलरचे महत्त्व’. सगळे इंग्रजीत, सगळे गुळगुळीत. त्यातल्या एकात चक्क लिहिलंय की समुद्रकिनाऱ्याच्या दमट हवेत कूलर उत्तम चालतो! पाणी सुकताना हवा थंड होते आणि ते सुकायला हवा कोरडी लागते, हे बाबांच्या दुकानातलं चहा आणणारं पोरगंही सांगेल. बाबांनी हा लेख वाचला असता तर निव्वळ टोमण्यावर भागलं नसतं.

मला विचाराल तर बाबांचा प्रश्न चुकलेला नाही. असल्या लिखाणानं कूलर विकत नाही. तुमच्या दुकानाचं नाव खोडून तिथं जयपूरच्या दुकानाचं नाव टाका, एक शब्दही बदलावा लागणार नाही. मग गूगलनं तरी तुमचंच पान वर का आणावं?

आता दुसऱ्या बाजूनं बघा. मे महिन्यात नागपुरात बसून ‘कूलरचे फायदे’ कोण शोधतं हो? ते अंगालाच कळतात. २३ मे २०१३ ला इथं ४७.९ अंश झालं होतं, त्या दिवशी कूलरचं महत्त्व कुणाला वाचून समजून घ्यायचं नव्हतं. माणूस फोन हातात घेतो ते काहीतरी अडलेलं असतं म्हणून. दुपारचे दोन वाजलेत, पोरं घामाघूम झालीत, पंप घुं-घुं करतोय आणि पाणी वर चढत नाही. तो टाइप करतो ‘कूलरचं पाणी वर चढत नाही’. तिथं तुम्ही हवेत. ‘बेस्ट एअर कूलर’ या शब्दांवर मोठ्या कंपन्या आणि ऑनलाइन विकणारे ठाण मांडून बसले आहेत, त्यांना तुम्ही ८ हजारांत हलवू शकणार नाही, ८ लाखांतही नाही. पण त्यांच्यातल्या कुणालाही बेसा-पिपळ्याच्या बोअरचं पाणी कूलरच्या जाळीवर दोन महिन्यांत किती पांढरा थर चढवतं हे ठाऊक नाही. तुम्हाला आहे.

मग लिहायचं काय, हे शोधायला पैसे लागत नाहीत. तुमच्या गल्ल्याशेजारी तक्रारींची वही असेल. आमच्या प्रतापनगरच्या मिस्त्रीकडे आहे. लांबडी, तेलकट, दोरीनं पेन बांधलेली. पाण्याचा पंप बदलायला तो आमच्याकडे आला होता, तेव्हा मी ती चाळली. नाव, पत्ता, मोबाइल आणि शेवटच्या रकान्यात तक्रार, गिऱ्हाइकाच्याच शब्दांत. ‘हवा येते पण थंडी नाही.’ ‘मोटर गरम होऊन बंद पडते.’ ‘माशासारखा वास.’ ‘करंट मारून राह्यला.’ ‘टाकी गळते, खालच्या घरचे भांडून राह्यले.’ ‘फॅन काडीनं फिरवला की फिरते.’ ‘घास केव्हा बदलायची?’ भाऊ, हा तुमचा कीवर्ड रिसर्च, म्हणजे लोक गूगलवर कोणते शब्द टाकतात त्याचा शोध. बाजारात याच कामाची सॉफ्टवेअरं महिन्याच्या भाड्यानं मिळतात आणि त्यात असलं काही सापडत नाही.

आज दुकान बंद करायच्या आधी गेल्या दोन उन्हाळ्यांची वही घेऊन बसा. कोणती तक्रार किती वेळा आली त्याच्या काड्या मारा. व्हॉट्सॲपवर लोकांनी पाठवलेले प्रश्नही त्यातच धरा, आवाजी मेसेज तर नक्की ऐका, कारण माणूस बोलतो तसंच हल्ली फोनलाही बोलून विचारतो. ज्या १०-१२ तक्रारींपुढे सगळ्यात जास्त काड्या, तेवढेच लेख. ४८ कशाला हवेत?

भाषेचं थोडं वेगळं सांगते. कूलरच्या त्याच ओल्या जाळीला वहीत ‘घास’ आहे, ‘गवत’ आहे, कुणी ‘जाळी’ म्हणतं, कुणी ‘ताटी’. एजन्सीच्या लेखात मात्र ‘कूलिंग मीडिया’. मानेवाड्यात कूलिंग मीडिया मागायला कोण येतं? गिऱ्हाईक जो शब्द वापरतं तोच मथळ्यात घ्या, बाकीचे लेखात सहज येतील तिथं येऊ द्या. शिवाय अर्धं नागपूर हिंदीत बोलतं, आणि मराठी बोलणारेही बरेचदा रोमन अक्षरांत टाइप करतात. म्हणून मी मुख्य लेख मराठीत ठेवून सगळ्यात चालणाऱ्या तीन-चार विषयांचे हिंदीत वेगळे लेख करेन. यंत्रानं भाषांतर करून नव्हे. हिंदीतलं गिऱ्हाईक दुकानात जे बोलतं तेच लिहायचं. एकाच पानात मराठी, हिंदी, इंग्रजीची भेळ मात्र नको, ती ना माणसाला गोड लागते ना गूगलला.

एक लेख कसा असावा ते जरा सविस्तर सांगते. ‘करंट मारतो’ ही तक्रार घ्या. दर उन्हाळ्यात आपल्याकडे कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, तेव्हा या लेखाला धंद्यापलीकडेही किंमत आहे. एजन्सीनं तो ‘कूलर सुरक्षा : एक संपूर्ण मार्गदर्शक’ असा सुरू केला असता आणि पहिल्या तीन परिच्छेदांत विजेचा इतिहास सांगितला असता. वाचणाऱ्याचं पोर कूलरजवळ खेळतंय. तुम्ही असं सुरू करा :

‘कूलरला हात लावला की झिणझिण्या येतात? आधी बटण बंद करून प्लग काढा, मग पुढचं वाचा. लोखंडी कूलरच्या पत्र्यात करंट उतरतो तो बहुतेक वेळा तीन कारणांनी. पंपाच्या वायरचं आवरण उंदरानं कुरतडलेलं किंवा उन्हानं तडकलेलं असतं. पंपाच्या आतच पाणी शिरलेलं असतं. नाहीतर मोटरची वायर पत्र्याला घासून उघडी पडलेली असते. यातलं काहीही झालं आणि घराचं अर्थिंग धड नसेल तर करंटला जायला तुमच्याशिवाय वाट उरत नाही. झटका हलका आहे म्हणून चालवून घेऊ नका. आज पायात चप्पल होती, उद्या नसेल.’

एवढ्यात वाचणाऱ्याला कळतं की समोर कुणीतरी खरा मिस्त्री आहे. त्याखाली त्यानं स्वतः काय करायचं ते. पाणी भरताना प्लग काढलेलाच हवा, नुसतं बटण बंद असणं पुरेसं नाही. दोन पिनचा प्लग लावून तिसरी पिन रिकामी सोडायची नाही. घरात ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी आहे का ते इलेक्ट्रिशियनला बघायला सांगायचं, करंट गळला की तो झटक्यात लाइन तोडतो. कुणी कूलरला चिकटलंच तर त्याला हात लावून ओढायचं नाही, आधी मेन स्विच पाडायचा. मग त्यानं काय करू नये ते, म्हणजे पंप उघडून चिकटपट्टी गुंडाळणं वगैरे. आणि शेवटी तुम्ही घरी येऊन काय तपासता, किती वेळ लागतो, तपासणीचे किती घेता, नवा पंप लागला तर साधारण किती ते किती. फोन नंबर तिथंच, बोट लावलं की लागेल असा. कुरतडलेल्या वायरचा फोटो, दुकानातल्या टेबलावर तुमच्याच मोबाइलनं काढलेला. विकत घेतलेल्या फोटोतली हसरी गोरी मंडळी नकोत. त्यांच्या कूलरला कधी करंट आलेला नाही.

दर लिहायला दुकानदार फार कचरतात. ‘शेजारचा बघेल’ म्हणतात. शेजाऱ्याला तुमचे दर केव्हाच ठाऊक आहेत भाऊ, गिऱ्हाइकालाच तेवढे नाहीत. ‘किती लागतील?’ हा वहीत न लिहिलेला पण प्रत्येक फोनवरचा पहिला प्रश्न असतो. पंप, कंडेन्सर, मोटर रिवाइंडिंग, घास बदलणं, टाकीला पत्रा मारणं, सगळ्याचे किमान-कमाल दर एका पानावर टाका आणि दर सीझनला दुरुस्त करा. मला विचाराल तर तुमच्या वेबसाइटवरचं हेच पान सगळ्यात जास्त गिऱ्हाईक आणेल.

दुसरा हुकमी विषय म्हणजे खोलीच्या मापाचा. ‘१० बाय १२ च्या खोलीला केवढा कूलर?’ याचं कच्चं गणित तुम्ही तोंडी करता, तेच कागदावर उतरवा. छत १० फूट धरलं तर खोली १२०० घनफूट, त्याच्या निम्मे म्हणजे ताशी नव्हे, मिनिटाला ६०० घनफूट हवा फेकणारा कूलर किमान हवा. वरची स्लॅब दिवसभर तापत असेल तर त्याहून मोठा. आणि सोबत ते एक वाक्य, जे बाबा आयुष्यभर सांगत आले असतील : समोरची खिडकी बोटभर तरी उघडी ठेवा, आत गेलेल्या हवेला बाहेर पडायला जागा नसेल तर थंडी नाही, नुसती चिकचिक होते. ‘हवा येते पण थंडी नाही’ असं म्हणत येणाऱ्यांपैकी कितीजणांना तुम्ही फोनवरच खिडकी उघडायला लावली असेल! यातून एक रुपया मिळत नाही म्हणता? मिळतो. ज्याचा कूलर तुमच्या एका वाक्यानं फुकटात सुधारला तो पुढच्या वर्षी पंपासाठी दुसऱ्याकडे जाणार नाही.

लेख किती शब्दांचा असावा, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण एजन्सीच्या रिपोर्टात ‘प्रत्येकी १००० शब्द’ असं ठळक केलंय म्हणून सांगते. गूगलनं असा काही आकडा ठेवलेला नाही. प्रश्न ३०० शब्दांत सुटत असेल तर ३०० लिहा. त्याच रिपोर्टात ‘मेटा कीवर्ड अपडेट’ या नावाखालीही पैसे लावलेत. म्हणजे पानाच्या आत, वाचणाऱ्याला न दिसणारी शब्दांची यादी. वेबच्या निकालांसाठी आम्ही हा टॅग बघत नाही, हे गूगलनं सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. म्हणजे तुम्ही आजही त्याचे पैसे भरताय.

हसत नाहीये हं. मी स्वतः सुरुवातीला एका केटररसाठी लिहायचे, तेव्हा ‘नागपुरातील सर्वोत्तम केटरर’ हे शब्द एका पानात २२ वेळा कोंबले होते. पान वर आलं नाही ते नाहीच. वर त्यांच्या घरून फोन आला, ‘ताई, तुमच्या कॉम्प्युटरचं बटण अडकलं का?’

आता रिपोर्टातले वाढते आकडे. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं ५६ अंश दाखवलं होतं, आठवतंय? देशभर बातमी फिरली, मग हवामान खात्यानं सांगितलं की सेन्सर बिघडला होता. तुमचा रिपोर्ट त्याच जातीचा आहे. त्यात ‘इम्प्रेशन’ म्हणून जो लाखाचा आकडा दिसतो तो तुमचं पान निकालांत कुठंतरी उमटल्याचा आहे, कुणी उघडल्याचा नाही. चौथ्या पानावर उमटलं तरी तो मोजला जातो. तुम्ही गूगलचं सर्च कन्सोल स्वतः उघडा, ते फुकट आहे आणि मागच्या १६ महिन्यांचा हिशेब दाखवतं : लोकांनी नेमके कोणते शब्द टाकले, तुम्ही कितव्या नंबरवर होता, किती जणांनी बोट लावलं. मी पैज लावते, त्यात तुमच्या दुकानाचं नाव सोडलं तर नागपूरचे क्लिक नगण्य निघतील. पण काही शब्द असेही सापडतील जिथं तुम्ही न लिहिताच आठव्या-दहाव्या नंबरवर आहात. पहिला लेख तिथून सुरू करा, ती भिंत अर्धी बांधलेली आहे.

दुकानातही मोजा. ‘लेख वाचून आलो’ असं कुणीच म्हणत नसतं, मीही आजवर कुठल्या दुकानात म्हटलेलं नाही. तुम्ही विचारा, ‘नंबर कुठून मिळाला?’ आणि वहीत एक बारीक रकाना वाढवा : ओळखीतून, बोर्ड बघून, गूगल. दोन महिन्यांत कळेल.

त्या रकान्यात ‘गूगल’ म्हणणाऱ्यांतले बरेच जण खरं तर नकाशावरून आलेले असतील. ‘कूलर दुरुस्ती जवळपास’ असं शोधलं की वर नकाशा आणि तीन दुकानं येतात, लेख खाली राहतात. तुमची नकाशावरची नोंद मी बघितली. वेळ चुकीची, फोटो एकच आणि तोही शेजारच्या मेडिकलचा! ब्लॉगचं पुढचं काहीही करण्याआधी हे दुरुस्त करा, त्याला अर्धा दिवस लागेल. गूगल तिथं तीन गोष्टी बघतं : तुमचं काम विचारलेल्याशी जुळतं का, दुकान किती लांब, आणि तुमचा बोलबाला किती. पैसे देऊन तो क्रम बदलत नाही. रिव्ह्यू गिऱ्हाइकाला मागा जरूर, काम झाल्याबरोबर मागा, पण त्याबदल्यात ५० रुपये सूट वगैरे नको, ते नियमात बसत नाही. वाईट रिव्ह्यूला उत्तर द्या, वाद घालू नका.

एजन्सीनं पुढच्या महिन्यासाठी जे सुचवलंय, धरमपेठ, महाल, हिंगणा, वाडी, कामठी अशी प्रत्येक भागाची वेगळी पानं, मजकूर तोच आणि नाव तेवढं बदललेलं, त्याला साफ नाही म्हणा. गूगलच्या लेखी ती फसवणूक आहे. दुसऱ्यांच्या साइटवर आपल्या साइटचे दुवे, म्हणजे लिंक, विकत घेण्याचंही तेच. ‘पहिला नंबर गॅरंटीड’ म्हणणाऱ्याकडे तर चहासुद्धा पिऊ नका.

चॅटजीपीटीचं विचारलंत. यंत्रानं लिहिलं म्हणून गूगल पान टाकून देत नाही, पण रँकिंगसाठी ढिगानं पानं पाडण्यावर मार्च २०२४ पासून त्यांचा थेट नियम आहे, मग ती यंत्रानं पाडलेली असोत की माणसानं. माझी अडचण वेगळीच आहे. त्याला सांगाल तर तो पुन्हा ‘कूलरचे १० फायदे’च लिहून देईल, कारण जगानं तेच लिहून ठेवलंय. उंदरानं कुरतडलेली वायर त्यानं पाहिलेली नाही. तुम्ही बोलून रेकॉर्ड करा, ते त्याच्याकडून टाइप करून घ्या, शुद्धलेखन तपासून घ्या, एवढ्यापुरता तो कामाचा आहे.

अजून एक. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गूगल बऱ्याच प्रश्नांना वरच्या वर स्वतःच उत्तर देऊ लागलंय, त्यामुळे खाली उतरून लेख उघडणारे कमी झाले, हे खरं. ‘कूलर कसा काम करतो’ असल्या विषयांना म्हणून आता हात लावू नका. ज्या प्रश्नाच्या शेवटी माणसाला मिस्त्री, पार्ट किंवा भाव लागतोच, तेच विषय घ्या. वरचं उत्तर वाचून वायर जुळत नाही.

वेळेचं गणित बाबांना तुमच्यापेक्षा चांगलं समजेल. कूलरचे पत्रे केव्हा कापायला घेता? होळीला लोकांचे कूलर माळ्यावरून उतरतात म्हणून तुम्ही होळीला थोडेच कापता. लेखांचं तसंच आहे. नवं पान गूगलला सापडून, जोखून, वर यायला कधी काही आठवडे लागतात, कधी काही महिने. संक्रांत झाली आहे. महाशिवरात्रीच्या आत दर, करंट, पाणी न चढणं आणि खोलीचं माप, एवढे चार लेख चढले तर या सीझनला थोडं हाताशी लागेल. पूर्ण पीक पुढच्या वर्षी, हे आत्ताच मनाशी धरा. पावसाळ्यात ‘कूलर बंद करून ठेवताना काय करायचं’ आणि डासांबद्दल एक लेख टाका. दर आठवड्याला पाणी काढून टाकी घासून कोरडी करायची, कारण अंड्याचा डास व्हायला साधारण ८-१० दिवस लागतात. आणि पानाच्या पत्त्यात साल घालू नका. दरवर्षी नवं ‘कूलर दर २०२६’, ‘२०२७’ करण्यापेक्षा एकच पान ठेवून तेच दरवर्षी खरोखर दुरुस्त करा. नुसती तारीख बदलून मजकूर तोच ठेवणं म्हणजे जुन्या पत्र्याला रंग मारणं झालं.

त्या ४८ लेखांचं काय? सगळे एका रात्रीत उडवू नका. सर्च कन्सोलमध्ये ज्यांना वर्षभरात कुणी विचारलंच नाही ते काढा. समुद्रकिनाऱ्यावालं तर आजच काढा. ज्यांना थोडीफार माणसं येतात ते त्याच पत्त्यावर नव्यानं लिहा. माझ्या अंदाजानं तीन-चार उरतील.

एजन्सीशी भांडण्याआधी मात्र एक काम गुपचूप करा. डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि सर्च कन्सोल व नकाशाच्या नोंदीची मालकी कुणाच्या ईमेलवर आहे तेही. बऱ्याच दुकानदारांचं हे सगळं एजन्सीच्या खात्यावर असतं आणि ते त्यांना फारकत घेताना कळतं. माझ्याच एका जुन्या गिऱ्हाइकाचं डोमेन असंच अडकलं, परत मिळायला पाच महिने गेले, तोवर सीझन संपला होता. आधी सगळं तुमच्या ईमेलवर आणा, पासवर्ड बदला, मग पैसे थांबवा. त्या ८ हजारांतले थोडे एखाद्या कॉलेजच्या पोरीला द्या, ती आठवड्यातून एकदा दुकानात बसून तुमचं बोलणं उतरवून घेईल, फोटो हलके करून चढवेल. तिच्याकडून साइट मोबाइलवरही उघडून बघून घ्या. माझ्या फोनवर तुमचं पहिलं पान उघडेपर्यंत कुकरची एक शिट्टी झाली.

आणि बाबांना बसवा. संध्याकाळी गिऱ्हाईक ओसरलं की खुर्ची टाकून त्यांना विचारा, ‘बाबा, फॅन काडीनं फिरवला की फिरते, असं कोणी आलं तं तुम्ही आधी का पाहता?’ फोन रेकॉर्डिंगवर ठेवून बाजूला ठेवा. ते म्हणतील, ‘कंडेन्सर गेला, दुसरं का.’ मग थांबणार नाहीत, बेअरिंगवर येतील, व्होल्टेजवर येतील, कुण्या वकिलाच्या कूलरची १५ वर्षांपूर्वीची गोष्ट काढतील. ती गोष्ट कापू नका. लेखाखाली नाव त्यांचं टाका, तुमचं नाही, आणि फोटो त्यांच्या हाताचा, दोन बोटांत जुना फुगलेला कंडेन्सर धरलेला.

ता. क. : आमचा कूलर गेल्या मे पासून काडीनंच सुरू होतो. मिस्त्री ‘येतो’ म्हणून आला नाही. वरचा लेख चढला की दुवा पाठवा, आणि कंडेन्सरचे किती लागतील तेही त्यात लिहा.